बस्टरच्या अंगावरचा शर्ट

कोल्टर फोर्ड, मिसूरी
१२ सप्टेंबर १९९७

प्रिय डेल,

तू बरा असशील. मीही बरी आहे, गुडघा सोडला तर. तिकडे अलास्कात थंडी सुरू झाली असेल. इथे अजून उकडतंय. पंपावर येणारा प्रत्येक जण आधी बर्फ घातलेला चहा मागतो, पेट्रोलचं नंतर बघतो.

बस्टर मजेत आहे. उन्हाळ्यात त्याला नवा काळा रंग दिला. डाव्या कानात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं, ते ऑरविलने काढलं. ऑरविल म्हणजे तो कोंबड्यांचा ट्रक चालवणारा, दर मंगळवारी आपल्याकडे पीचची पेस्ट्री खायला थांबतो. मागे लिहिलं असेन त्याच्याबद्दल. नसेन लिहिलं तर राहू दे.

परवा एक कुटुंब आपल्या या पुतळ्याबरोबर फोटो काढायला थांबलं. त्यांची पोरगी बापाला विचारते, "एवढ्या मोठ्या गोरिलाने शर्ट कशाला घातलाय?" बाप म्हणतो, "थंडी वाजत असेल." मग मीच तिला जवळ घेऊन सांगितलं, की आमच्या गावातून कोणी लांब निघालं, फौजेत म्हण, शिकायला म्हण, की माझी आई त्याच्या नावाचा शर्ट शिवून बस्टरला घालायची. माणूस परत आला की त्यानेच शिडीवर चढून तो उतरवायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

"मग हा डेल कुठाय?" शर्टावरचं नाव वाचून तिने विचारलं.

"अलास्कातल्या कारखान्यात डब्यांत मासे भरतोय," म्हटलं. तिला ते पटलं बहुतेक.

आठवतं, एका वर्षी पाच शर्ट एकावर एक चढले होते? बाबा म्हणायचे, बस्टर खाऊन खाऊन सुटलाय. मग एकेक जण येत गेला, उतरवत गेला. खाली आख्खं गाव टाळ्या वाजवायचं, आई लिंबूसरबत वाटायची. शेवटी तुझा तेवढा राहिला.

बाबांनी तसं बोलायला नको होतं. चार लोकांत म्हणाले, "महिन्याभरात रडत परत येईल, शिडी तयार ठेवा." पण तूही काही कमी नाहीस. हा म्हातारा आहे तोवर त्या शिडीला पाय लावणार नाही, असं म्हणून गेलास. मग म्हातारा गेला. त्याच्या दफनाला आलास, बस्टरखाली गाडी थांबवलीस, मान वर करून पाहिलंस आणि निघून गेलास. आई खिडकीत उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने नवं कापड आणलं, जुना शर्ट विटला म्हणून.

ती जाण्याआधी मला म्हणाली, "मॅक्सीन, त्याचा शर्ट फाटू देऊ नकोस." तिच्या दफनाला येताना तुझं विमान बर्फात अडकलं, ते मला माहीत आहे. त्याबद्दल राग नाही. बाकीच्याबद्दल आहे. राग येतो तुझा, डेल, आणि शर्टाला टीप घालताना तुझी इतकी आठवण येते की मशीन थांबवून बसावं लागतं.

यंदा मात्र मी तुझा शर्ट शिवला नाही. मे महिन्यातल्या वादळात एक बाही उडाली, ती तशीच आहे. कापड आणलं होतं. त्याचं दुसरंच काही शिवलं.

बरं, किती टाळू? पंप विकला. ट्रेविन्यो नवरा-बायकोने घेतला. बस्टरला हलवणार नाही, असा शब्द त्यांनी दिलाय, आणि बाई शिवणकाम करते. मी ऑरविलबरोबर न्यू मेक्सिकोला चाललेय. अठ्ठावन्नाव्या वर्षी. हस हवं तर. त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या ट्रकला कोंबड्यांचा वास येतो." म्हणाला, "खिडकी उघडी ठेवू." आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, तूच सांग.

कापड हिरवं होतं, आणि त्याचं काय शिवलं, ते तू ओळखलं असशीलच. या गावातल्या कितीतरी जणांची नावं बस्टरने अंगावर मिरवली, माझं कधी नाही. मी कुठे गेलेच नव्हते ना. आता शिवलाय, पाठीवर मोठ्या अक्षरांत मॅक्सीन. तुझ्या शर्टावरूनही चढवता येईल, पूर्वी चढवायचो तसा. पण तसा मला नकोय.

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी निघतोय. त्याआधी ये. आधी तू चढ आणि तुझा उतरव, शिडी मी धरते. मग मी चढेन. गुडघ्याचं काही खरं नाही, म्हणून ऑरविल म्हणाला, "शिडी मी धरतो." मी त्याला सांगितलं, तुला पुढे आयुष्यभर धरायची आहे, ही एवढी माझ्या भावासाठी ठेवलीय.

त्या शनिवारपर्यंत पंपावरच असलेली,
तुझी धाकटी बहीण,
मॅक्सीन