नव्या आईचं गाणं

डिंगोरे,
१० डिसेंबर २००३

प्रिय इंदू,

तुझी परीक्षा झाली असेल. हॉस्टेलवर आता तरी वेळेवर जेवत जा. इकडे कांद्याची लागण चालू आहे, मजुरीला बायका मिळत नाहीत. तुझ्या नानांची कंबर धरली आहे.

परवा तुझ्या धाकट्या भावानं, स्वराजनं शेजारून सीडी आणली. लावली तर तोच नावाड्याचा जुना सिनेमा! राष्ट्रपतींचं पदक मिळालेला, घरच्या सगळ्यांनी मिळून बघावा असा. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा नानांनी आपल्या दोघींना तो जुन्नरला दाखवला होता. तू सात वर्षांची होतीस. नावाड्याची तीन पोरं नव्या आईशी बोलत नाहीत, ती गात राहते, आणि तिसऱ्या गाण्याला धाकटी तिच्या गळ्यात पडते. सगळं थेटर रडत होतं. नाना तुझ्याकडे वळून म्हणाले, "म्हण की तू बी तिला आई. लई वाट बघतीया ती." तू खुर्चीचा दांडा गच्च धरलास आणि तिथंच ओकलीस. मी पदरानं तुझं तोंड पुसायला गेले, तर तू मान फिरवलीस.

मला तुझा राग आला नाही. तुझ्या आईचं लुगडं तू उशाखाली ठेवायचीस, ते मी कधी धुतलं नाही, कारण धुतलं असतं तर तिचा वास गेला असता. आपल्या दोघींचं जमायला पाच वर्षं लागली. एकदा शाळेतून येऊन तू "मावशी, भूक लागली" म्हणालीस. मी चुलीपुढंच बसून राहिले, भाकरी करपली.

परवा सिनेमा बघताना एक गोष्ट पहिल्यांदाच ध्यानात आली. ती नवी आई उंबरा ओलांडते तिथूनच गाणी सुरू होतात. त्याआधी तिला कुणी काही विचारलंय का, ते सिनेमात कुठंच नाही. स्वराज हसत होता, मला मात्र पुढचं बघवेना.

इंदू, आळ्याहून तुला स्थळ आलंय. माणूस चांगला आहे, स्वतःचा टेंपो आहे. बायको वारली, पदरात दोन लेकरं. नानांनी तुला न विचारता शब्द दिला. म्हणाले, "रत्नानं निभावलं, पोरगी बी निभावंल." मी म्हणाले, माझा दाखला देऊ नका. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. एकोणिसाव्या वर्षी मी हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. रविवारी पाहुणे येणार आहेत. आजी आजारी आहे, लगेच निघ, असा निरोप तुला येईल. आजी ठणठणीत आहे. तुझ्या मनात नसेल तर येऊ नकोस. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगेन.

तुझीच,
रत्नामावशी