मोरीखालचे ठसे

अण्णा, आज मोरीची फरशी पुन्हा बसवून घेतली. गवंडी आत्ताच गेला. हात धुतले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही असताना एवढं सलग कधी बोलता आलं नाही, मधेच कुणी बोललेलं तुम्हाला खपत नसे.

उमरग्यात हायवेच्या कडेला आपला दवाखाना. आठवडाभर तुम्ही लोकांचे दात काढायचात, कवळ्या बसवायचात, आणि रविवारी मला घेऊन एसटीनं तेरला निघायचात. तिथं पाऊस पडून गेला की जुन्या वस्तीची पांढरी माती धुपते आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी उघडे पडतात. क्वचित एखादा नखाएवढा अकीक सापडतो, त्यावर खोल कोरलेलं चित्र असतं: बैल, जहाज, शिरस्त्राण घातलेला पुरुष. समुद्रापलीकडून आलेले, मोहर उमटवायचे खडे. "खडा लोकांचा, ठसा आपला," असं म्हणत तुम्ही खडा सापडलेल्या कुणाच्याही दारात बसकण मारायचात. खड्याला तेलाचं बोट, भोवती कागदाची पट्टी, मग कवळीचं ते पातळ प्लास्टर, आधी ब्रशनं, मग वरून ओतून. सातवीत असताना पहिला ठसा तुम्ही मला ओतायला दिलात. कागद सोडवला तर माझ्या तळव्यावर एक बैल उभा! तुम्ही खिशातलं भिंग काढून माझ्या हातात ठेवलंत. "ठेव तुझ्याकडं." परतीच्या एसटीत मी ते मुठीत घट्ट धरून बसले होते. नळदुर्ग मागं पडल्यावर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पोरगा असतीस तर कामाची होतीस."

तरी मी शिकले. दवाखान्यात तुमच्या हाताखाली उभी राहायची आणि संध्याकाळी कपाट उघडून बसायची. खालच्या खणांत लोकांचे प्लास्टरचे जबडे, वरच्या खणांत ठसे. पुण्याहून एक प्राध्यापक ते बघायला आले तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी पंखवाल्या बाईचा ठसा पुढं केलात. तो खडा तेरजवळच्या वस्तीवरच्या एका मेंढपाळ बाईंचा, त्यांच्या लहान मुलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायचा. "हातात हार आहे बघा," तुम्ही सांगत होता, "मधलं भोक स्पष्ट दिसतं." माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, ते भोक प्लास्टरमधल्या बुडबुड्याचं आहे. मी त्याच खड्याचा दुसरा ठसा घेतलाय, त्यात तिच्या हातात वाटी आहे." आणि मी तो आणून ठेवला. प्राध्यापकांनी दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. "ताई बरोबर सांगतायत," ते म्हणाले. तुम्ही हसलात, चहा मागवलात. मला वाटलं, तुम्हाला माझा अभिमान वाटला.

तेव्हा घरामागं मोरीचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला म्हणून मी धावत गेले, तर मजूर कपाटाचा एकेक खण मोरीच्या खड्ड्यात पालथा करत होता आणि तुम्ही उभं राहून बघत होता.

"अण्णा, काय करताय? ह्यांचे मूळ खडे कितीतरी विकले गेलेत, आता हे ठसेच उरलेत!"

"तुला बुडबुडे दिसले न्हवं?" तुम्ही शांतपणे म्हणालात. "मग भर म्हणून चालतील की."

मजूर थांबला. तुम्ही त्याला भर ठोकायला धुमस घ्यायला सांगितलंत आणि मला त्याच्यासाठी चहा करायला. तुमचे ठसे गेले, माझेही गेले, तो बैल गेला. वर शहाबादी फरशी बसली. "आता हितंच भांडी घास," तुम्ही म्हणालात, "रोज दर्शन होईल." मी घासली अण्णा, वर्षानुवर्षं. पाहुण्यांसमोर तुम्ही मला 'आमची विदुषी' म्हणायचात आणि पाहुणे हसायचे. शेवटी पक्षाघातानं तुमची वाचा गेली. तुमचं सगळं मीच करायची, तुम्ही टक लावून बघत राहायचात. त्या बघण्यात पश्चात्ताप आहे का, हे मी किती शोधलं. नखाएवढ्या खड्यावरचं वाचायला शिकलेली मी, मला तिथं काही सापडलं नाही.

मागच्या महिन्यात त्या मेंढपाळ बाई आल्या. थकल्यात आता. दारातूनच विचारलं, "डॉक्टर हायत का?"

"ते जाऊन लई वर्षं झाली, मावशी."

त्या पायरीवर बसल्या. "माजं पोरगं बी गेलं. लई आजारी हुतं. औषिदपान्यापायी त्यो खडा इकला म्या, एकजण गाडी घिऊन आलता. खडा बी गेला, पोरगं बी गेलं. डॉक्टरांनी त्याचं चित्र घेतलं हुतं न्हवं, पांढरं? पंखाच्या बाईचं? एकडाव दावा मला."

मोरीखाली आहे, हे मला सांगवेना. आठ दिवसांनी या म्हणाले आणि गवंड्याला बोलावलं. फरशी उचलली तर खाली ओला लगदा. एवढ्या वर्षांच्या खरकट्या पाण्यानं प्लास्टर विरघळून गेलं होतं. हातानं चिवडून काही गोळे वेगळे केले, पण एकावरही रेघ म्हणून नव्हती. मी ते पाटीत घालून दारातल्या ओट्यावर ठेवले. मावशी आल्या त्या थेट पाटीशीच बसल्या. एकेक गोळा उचलत, खाली ठेवत गेल्या. एक मात्र पदरानं पुसला, उजेडाला धरला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ह्योच न्हवं? ह्ये बगा पंख. सांगा की ताई, तुमी शिकलेल्या."

त्या गोळ्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, तेसुद्धा सांगता आलं नसतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी मी पाठवलं नसतं, कारण माझं उत्तर तुम्हाला पटलं नसतं; तुम्ही त्या वेळी ओट्यावर असता तर तो गोळा त्यांच्या हातातून काढून घेऊन तोंडावर खरं सांगितलं असतंत. मी म्हणाले, "व्हय मावशी, ह्योच."