बलियांवरून पट्टा चढत नाही

याडी, काल मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता यवतमाळच्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टरणीने माझ्या लेकीच्या दंडावरचा पट्टा सोडत मला विचारलं, "हिच्या आजीला, म्हणजे तुमच्या आईला, बीपी होतं का?" लेक सात महिन्यांची गरोदर आहे. पाय सुजलेत, बीपी खाली येत नाही. मला बीपीची गोळी पन्नाशीत लागली, तिला तिशीतच. मी म्हटलं, माहीत नाही. तिने कागदावर 'नाही' लिहिलं. मी तिथल्या तिथे सुनावलं, की माहीत नसणं म्हणजे नसणं नव्हे, एवढं आम्हाला तांड्यातल्या शाळेत चौथीतच शिकवलं होतं. तिने खोडलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "जुन्या बायकांच्या तब्येती चांगल्याच असायच्या हो, आताच खाणं बिघडलंय."

चांगल्या असायच्या! दारव्ह्याच्या बाजाराला गेलो असताना तुला चक्कर आली, म्हणून मीच तुला दवाखान्यात नेलं होतं. तुझ्या दोन्ही हातांत मनगटापासून पार दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आपल्या बलिया. कंपाउंडर पट्टा घेऊन उभा. "हे काढा लागते, बाई." तू हात ओढणीखाली घेतलेस आणि माझ्याकडे पाहिलंस. नवरा जिवंत असताना बलिया उतरत नाहीत, हे त्याला मी सांगितलं. तो हसला. "राहू द्या मंग. तांड्यातल्या बायांले काही होत नाही. लोखंडाच्या असतात ह्या."

तू खूश झालीस. परतताना जीपमध्ये सगळ्यांना तेच ऐकवत होतीस, डॉक्टर मला लोखंडाची म्हणाला. डॉक्टर नव्हता तो, याडी.

त्याच हंगामात कापूस वेचता वेचता तू तोंड वाकडं होऊन पडलीस. बा मागे राहिला, म्हणून बलियांसकट गेलीस, आणि तांड्यातल्या बाया म्हणाल्या, नशीबवान. माझ्या लेकीच्या दंडावर काही नाही. पट्टा लगेच बसतो, आकडा लगेच दिसतो, आणि तो पाहून डॉक्टरीण पुन्हा पट्टा आवळते.

उद्या, गुरुवारी सकाळी दहाला ती पुन्हा विचारणार आहे. त्याआधी मला लेखी उत्तर हवं: तुझं डोकं दुखायचं का? डोळ्यांपुढे अंधारी यायची का? लिहिता येत नाही ही सबब चालणार नाही, अंगठा उठव. उत्तर आलं नाही तर मी 'होतं' असं सांगणार आहे. राग त्या कंपाउंडरवर आहे, सगळ्यांना तेच सांगते. तुझ्यावरही आहे. एक हात तरी मोकळा करायचा होतास.