न हलणारा ढग

३ जून
मानवजातीवर झालेल्या एका अन्यायाची इथे नोंद करून ठेवते. हवामान खात्याच्या नव्या कचेरीत मला मिळालेली खुर्ची डावीकडे कलते. पन्नाशीला टेकलेल्या बाईने वाकडं बसून जगाकडे सरळ कसं बघायचं?

बाकी मजेत. उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून तीच बाजू सतत त्याच्या नजरेसमोर. खिडकीतल्या शेजारणीसारखा जागचा न हलता सगळ्यांवर लक्ष ठेवतो आणि दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतो. साध्या चित्रात डोळ्यांना दिसेल ते. उष्णतेच्या चित्रात जितकं थंड तितकं पांढरं. ढग किती सरकले त्यावरून वारा कळतो. जो ठिपका सरकत नाही तो यंत्राचा दोष. तो पुसून मगच चित्र बंदरांना पाठवायचं. हा साहेबांचा नियम.

५ जून
उष्णतेच्या चित्रात ताईच्या बेटावर पांढराशुभ्र ठिपका. सकाळपासून तिथेच. साध्या चित्रात मात्र आभाळ स्वच्छ. नियमाप्रमाणे पुसला.

तरी ताईला फोन केला. ती म्हणाली, आभाळ निळंभोर आहे, तुला पगार ढग बघायचा मिळतो की बहिणीला छळायचा? फक्त भर दुपारी स्वेटर घालावा लागतोय म्हणे.

६ जून
पुसलेला ठिपका पुढच्या चित्रात दुप्पट. पुन्हा पुसला, पुन्हा वाढला. आजूबाजूचे ढग त्याला वळसा घालून जातात. साहेबांना म्हटलं, यंत्रातल्या दोषाला ढग वाट कशाला देतील? ते म्हणाले, नव्या माणसाने नियम पाळावेत, डोकं चालवू नये.

७ जून
ताईचा आवाज बारीक. समोरचा शिंपी सकाळपासून रस्त्यात उभा आहे — मान वर, तोंड उघडं. मग त्याची बायको. आता अर्धी गल्ली. कुणी बोलत नाही. तिलाही वर बघावंसं वाटतंय —

मी ओरडले, चपलांकडे बघ आणि बंदर गाठ!

ठिपका पुसला नाही. चित्र तसंच सगळ्या बंदरांना पाठवलं: बेट रिकामं करा, वर बघू नका. साहेब म्हणाले, नोकरी जाईल. म्हटलं, खुशाल जाऊ द्या.

८ जून
ताई बोटीत! खलाशांनी गल्लीतल्यांना माना खाली दाबून चढवलं. सुटल्यावर तिचं पहिलं वाक्य — तुझ्या घाईत माझं दूध उतू गेलं.

बेटावर ठिपका नाही.

समुद्रावर आहे. सरकतोय — वाऱ्याच्या उलट. आमच्याकडे.

९ जून
साहेब आवारात. मान वर. हाका मारल्या, ओढलं — हलत नाहीत.

खोलीत श्वास दिसतो.

काल साहेबांनी यंत्रं बंद करायला सांगितली, तेव्हा ती सांभाळणारा आमचा मेकॅनिक म्हणाला, किल्ली सापडत नाही. किल्ली त्याच्या खिशात होती. त्यामुळेच बोट सुटेपर्यंत चित्रं जात राहिली. आजची पाळी त्याची. त्याला म्हटलं, मान खाली घाल, बायकोला घे आणि शहर सोड. कारण नाही सांगितलं. त्याच्या जागी बसले.

पडदा ओढलाय. मी वर बघणार नाही. गरज असेल त्याने खाली वाकावं.

चित्र आलं. ठिपका आमच्या छपरावर. पुसला नाही — शहर रिकामं करा, लिहिलं — पाठवलं.

छप्पर वाजतंय. वाजू दे. पुढचंही चित्र पाठव—