पाच नद्यांची तोंडं

वसुंधरा, गाझियाबाद
१९ एप्रिल २०२६

प्रिय धम्मपाल,

जयभीम. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चहाची वेळ चुकवत नाही. इथे ऊन तापायला लागलंय, परवाच कूलर काढला. ऋचाची बारावी झाली असेल. पेपर बरे गेले असतील असं धरून चालते.

फोन करता आला असता. पण फोनवर मी आधी बोलते आणि मग विचार करते, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणून पत्र.

बातमी अशी की इथल्या नव्या विहारासाठी मी चित्र काढते आहे. आठ फूट बाय चार फूट. हॉलची एक भिंत त्यानेच अडवली आहे, सोफा बाल्कनीत गेलाय. एक मेला बुद्धपौर्णिमा, त्या दिवशी अनावरण. विषय समितीनेच दिला. बुद्धांनी समुद्राचे आठ गुण सांगितले आहेत ना, ते. समुद्र एकदम खोल होत नाही, उतरत उतरत होतो. किनारा ओलांडत नाही. कुठेही चाखा, चव एकच, मिठाची. आणि पाच महानद्या त्याला मिळाल्या की आपापली नावं सोडतात. मग सगळा नुसता समुद्रच.

मी समुद्र पाहिलाय कुठे? एकदाच, बाबांनी सहा डिसेंबरला आपल्याला दादरला नेलं तेव्हा. रात्रभर रांगेत उभे राहून सकाळी वाळूवर आलो. तू पाच वर्षांचा. पाण्यात बोट बुडवून चोखलंस आणि ओरडलास, "बाबा, यात मीठ कोणी टाकलं?" आजूबाजूचे सगळे हसले. माझ्या चित्रातला समुद्र तोच आहे, मातकट, राखाडी. समितीचे अध्यक्ष मेश्राम साहेब पहिल्यांदा बघून म्हणाले, "मॅडम, समंदर तो नीला होता है ना?" म्हटलं, "हा दादरचा आहे."

चूक माझ्याकडून वेगळीच झाली. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यातली निम्मी भूगोलाच्या बाईंना नकाशे रंगवून देण्यात गेली. हाताला वळण तेच. पाच नद्या मी पाच रंगांत काढल्या आणि ठळक काठांनिशी थेट समुद्राच्या तोंडाशी आणून सोडल्या. पाच स्वच्छ पट्टे. गेल्या रविवारी समिती घरी चहाला आली. साहेबांनी ते पट्टे पाहिले आणि खूश झाले. "बिल्कुल परफेक्ट! पाच नद्या, पाच मोठे दाते. एकेका पट्ट्यावर एकेकाचं नाव टाका, सोनेरी अक्षरांत."

मी नाही म्हटलं. "साहेब, जिथे नावं सुटतात तिथेच तुम्ही नावं लिहायला सांगताय."

"अहो, दान देणाऱ्याला एवढं तरी नको का? नाहीतर आम्ही फ्लेक्स छापून घेतो, दोन दिवसांचं काम." मग हसत म्हणाले, "आणि नावाचं तुम्ही आम्हाला शिकवू नका, लुंबिनीताई. आडनाव बदललं म्हणून सख्ख्या भावाला तोडलं कोणी?"

पाच माणसं बसली होती. मी कप गोळा केले आणि आत गेले.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी तुला काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं. ते इथे लिहीत नाही.

सगळे गेल्यावर आईला म्हटलं, "ऐकलंस, काय बोलले?"

"खरं तेच बोलले."

"आई!"

"तू रामटेकेची गजभिये झालीस, तवा कोणी विचारलं का, बापाचं नाव काहून सोडलं म्हणून? मी तर नवं लुगडं नेसून मिरवली."

"ते लग्नाचं होतं."

"अन् त्याला घर पाहिजे होतं."

पुण्यात चार घरमालकांनी आडनाव ऐकून तुला दारातून परत पाठवलं, कुमुदला तेव्हा सातवा महिना होता, हे मला त्या दुपारी कळलं. आईला ते ठाऊक होतं. तू मला सांगितलं नाहीस, कारण मी विचारलंच नाही. सगळ्यांच्या देखत एवढंच म्हटलं, "बाबांना जाऊन महिना नाही झाला, आणि त्यांचं नाव तू अकरा वर्षं गिळून बसलायस." लिहिलं शेवटी.

नदी आपल्या उताराने समुद्राला मिळते. तुला ढकललं गेलं. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि घरासाठी कोणाला नाव सोडावं लागणं मला आजही पटत नाही. पण तो राग त्या चार दारांवर जायला हवा होता. मी तो तुझ्यावर काढला आणि सात वर्षं त्याला स्वाभिमान म्हणत राहिले.

सोमवारपासून नद्यांची तोंडं पुन्हा रंगवायला घेतली. या उन्हात ॲक्रिलिक पटकन वाळतं, रंग एकमेकांत मिसळण्याआधीच. म्हणून आई स्टुलावर बसून इस्त्रीच्या फवाऱ्याने पाणी मारायची आणि मी रुंद ब्रशने ओढायची. चार दिवस लागले. खांदा धरला. आता कोणती नदी कुठे संपते ते मलाही दाखवता येणार नाही, नाव लिहायला तर जागाच उरली नाही. खालच्या कोपऱ्यातली माझी सहीसुद्धा पुसली.

साहेब काल येऊन बघून गेले. जुने पट्टे शोधत राहिले. "आता लिहायचं कुठे?" म्हटलं, "दाराशी पाटी लावा. चपला काढताना सगळे वाचतील." हसले नाहीत. येत्या रविवारी समिती ठरवणार आहे. फ्लेक्स लागला तर लागू दे. मी यावर आता एक रेघ ओढणार नाही. विहारात नाही तर माझ्या हॉलमध्ये राहील.

एक मेला ये. कुमुदला, ऋचाला घेऊन ये. चित्र कुठे लागलंय ते फोन करून विचारलंस तरी चालेल, मी कमी बोलेन. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर आईजवळ बस.

मी चुकले, धम्मपाल.

पाकिटावर धम्मपाल पवनीकर असं लिहिलं आहे. पहिल्यांदाच लिहिलं. हात अडखळला नाही असं म्हणणार नाही.

तुझी ताई,
लुंबिनी