मनूने धुतलेली कॅसेट

सोमवार, ३ मार्च
समोरच्या सुलूने आज परत विचारलं, "तुझी नात युनिव्हर्सिटीत गाणं शिकता मा? मग गाताना कधी आयकूक येना नाय!" म्हटलं, गात नाही गो, गाणी धुते. म्युझिक टेक्नॉलॉजी. कॉम्प्युटरवर आवाज कपड्यासारखा पसरते, डाग दिसला की काढते. माझी शाळा चौथीपर्यंत, पण एवढं समजतं.
परीक्षेला मनूला जुना आवाज साफ करून दाखवायचाय. मी ह्यांची कॅसेट दिली. गणपती पोचवायच्या आधी ह्यांनी देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं, ह्याच लालबागच्या खोलीतलं. हे गेले तेव्हा मनू जन्माला यायची होती. आजोबांचा आवाज तिने कधी ऐकलाच नाही.

गुरुवार, ६ मार्च
कॅसेट चालली! देवा, तुझे उपकार. खरखर फार, वर पंख्याची घरघर. मनू म्हणाली, "आजी, सगळा कचरा काढते, फक्त आजोबा ठेवते." मी तिला घावणे केले. चार खाल्ले, बरं वाटलं.

रविवार, ९ मार्च
मनूचे ते मोठे हेडफोन लावून मी बसले. हे अगदी बाजूला पाटावर बसल्यासारखे.
"बा गणराया, ह्या घरात जी पोरां जन्माक येतली, तेंका शिकाक बुद्धी दी रे म्हाराजा!"
पदर डोळ्याला लावला. आणि मग... गप्प. पुढचं मागणं. परत गप्प.
"मनू, माणसं खंय गेली?"
"कुठली माणसं?"
अगो, दर मागण्यामागे सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, तेव्हा गाऱ्हाणं देवाला पोचतं. खोलीभर माणसं होती!
मनूने कपाळावर हात मारला. "आई शप्पथ! मी ती कचऱ्यात काढली."
हसलो दोघी. पण माणसं परत आणली की खरखरही येते म्हणे, नि मार्क सफाईला. "परीक्षेपुरतं असंच राहू दे, आजी?" राहू दे म्हटलं. पोरीच्या वर्षभराच्या मार्कांचा प्रश्न आहे.

बुधवार, १२ मार्च
काय करून बसले मी!
परीक्षेला घरच्यांना बोलवलेलं. मोठा हॉल, गारेगार, सगळे चिडीचूप. ह्यांचा आवाज चारी भिंतींतून आला. "...शिकाक बुद्धी दी रे म्हाराजा!" आणि माझ्या तोंडातून खणखणीत गेलं, "व्हय म्हाराजा!"
सरांनी थांबवलं. "हा आवाज फाइलमधला?"
मनू म्हणाली, "नाही सर, माझी आजी. फाइलमध्ये उत्तर द्यायला माणसं होती, मीच काढली. चुकलं."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी काहीतरी लिहिलं, म्हणाले, पुढे लावा. दुसरं मागणं आलं. मी पदर तोंडात कोंबला. तर मनूच म्हणाली, हळू, "व्हय म्हाराजा."
तिच्यासाठीच मागितलेलं की ह्यांनी.

शनिवार, १५ मार्च
निकाल कधी, माहीत नाही. माझ्यामुळे मार्क गेले तर... मनू म्हणते, "गप गं, होळीची पोळी उरलीये का?" एवढी गुणाची पोर दिलीस देवा, आणि काय मागू?
पोळी खात परत कॅसेट लावून बसलीये. खरखरीसकट माणसं परत आणते. आत्ता हाक मारली, गर्दीत एक बाई सापडली म्हणे. "आजी, ही तूच ना?"
ऐकलं. एवढा किरटा आवाज? माझा? परत लाव म्हटलं.