शेडमधली दुपार

उम्म अल कुवैन,
२२ जून २०२५

ती. नर्मदाअक्कास,
सोमनाथचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला आता नीट ऐकू येत नाही, आणि दर्शना मधे बसून सांगते तेव्हा आईला त्रास नको म्हणून निम्मं गाळते. म्हणून गावी निघालेल्या एकाच्या हाती हे लिहून देतोय.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद, हा इथला सरकारी नियम आहेच. पण आमच्या वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर आहे, म्हणून ते उघड्यावर धरत नाहीत. आत भट्टी असते. हिवाळ्यात आम्ही कंपनीच्या कामगारांनी मिळून तक्रार केली, कामगार खात्याच्या समितीपुढे बैठका झाल्या आणि करार झाला: उन्हाळाभर दुपारी शेडमधलं वेल्डिंग बंद, सगळ्यांनी एसीच्या खोलीत बसायचं. तुला सांगितलं तेव्हा तू देवापुढे साखर ठेवली होतीस.

पण ते ‘सगळे’ म्हणजे फक्त आम्हीच निघालो. निम्मी माणसं सप्लायची, म्हणजे भाड्याने पुरवलेली आहेत. त्यांची कंपनी वेगळी, ऑफिस दुबईत सिलिकॉन ओएसिसला. मालक एकच, पाट्या दोन. आम्ही काचेमागे गार हवेत डबा खातो आणि समोर ते वेल्डिंग करत राहतात. शेडमधे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा उझैर, मुलतानकडचा, काल हेल्मेट काढून काचेतून आमच्याकडे बघत होता. मी डबा झाकून ठेवला. करार त्यांनाही लागू करा म्हणून आम्ही समितीकडे अर्ज केला, तर कंपनीचं उत्तर आलं की हा अर्ज ऐकायचा अधिकारच इथे कुणाला नाही. खाली सही आपल्या धाकट्या धनंजयची, कंपनीच्या कायदेखात्यातून.

तो माझा फोन उचलत नाही. तू लिही. तुझं तो ऐकतो.

तब्येत सांभाळ. तुझी माया अशीच राहो.
तुझा सोमनाथ


देवरुख,
४ जुलै २०२५

चि. धनंजय यास,
अ. उ. आ.

तुझ्या मेलवर हे दर्शना टाइप करते आहे. मी सांगते तसंच लिही, स्वतःची साखर घालू नकोस, असं तिला बजावलं आहे.

दिया शाळेत जायला लागली का? मागे व्हिडिओवर मी तिला मराठीत विचारलं, तिने इंग्रजीत उत्तर दिलं आणि तू कौतुकाने हसलास. माझी मेलीची काही तक्रार नाही, पण आत्या कोण हे तरी तिला मराठीत सांगून ठेव.

सोमनाथचं पत्र आलं. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. सोमनाथ स्वतःच्या ताटातली भाकरी तुझ्या ताटात सरकवायचा. मी त्याला रागवायचे, कारण उपाशी तो राहायचा. हे उपकार म्हणून सांगत नाही. एकच विचारते. एका छपराखाली काम करणाऱ्या दोन माणसांपैकी एकाने सावलीत बसायचं आणि दुसऱ्याने जळायचं, हे तुला पटतं का? पटत नसेल तर सही का केलीस? कायदा मला कळत नाही. मला कळेल असं लिही.

सुनेला आणि दियाला आशीर्वाद.
तुझी अक्का


दुबई सिलिकॉन ओएसिस,
९ जुलै २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दादा सगळं इमोशनल करून ठेवतो. इथे पटण्याचा प्रश्नच नाही, मॅटर ज्युरिस्डिक्शनचं आहे. म्हणजे ऐकणार कोण, एवढंच.

करार समितीपुढे झाला आणि तो दादाच्या कंपनीच्या कामगारांचा. सप्लायची माणसं त्यात नव्हती. माझं म्हणणं इतकंच की समितीने करार घडवून आणावा, परक्यांना लागू करणं तिचं काम नाही. कोर्टात गेले तर मी म्हणेन, इथे एकेकट्या माणसाचा दावा चालतो, घोळक्याचा नाही. आमच्या फ्री झोनच्या, म्हणजे इथल्या वेगळ्या नियमांच्या वसाहतीच्या, ऑफिसात आले तर म्हणेन, कामाची जागा उम्म अल कुवैनला, तिकडे जा. तीन दारं, तिन्ही बंद. अर्ज बरोबर की चूक, यावर मला एक ओळसुद्धा लिहावी लागली नाही. जीएमने पाठ थोपटली, म्हणाला, खलास हबीबी, यू आर अ स्टार. वर्षअखेर प्रमोशनचं बोलणं आहे, इन्शाल्ला.

तू भाकरीची गोष्ट काढलीस. ऑफिसात बसून मी भावाच्या बाजूने लिहू लागलो तर माझ्या जागी उद्या दुसरा येईल आणि तोही हेच लिहील. मग माझ्या लिहिण्याने कुणाचं काय वाईट झालं?

दियाला मराठी शिकवतो. तिने तुला हॅलो सांगितलंय. राग मानू नये.
तुझा धनू


उम्म अल कुवैन,
३ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

धनूचं पत्र दर्शनाने मला पाठवलं. तीन दारं बंद केल्याचा त्याचा आनंद वाचून मला राग आला नाही. शिसारी आली. गटारात हात गेल्यावर येते तशी.

उझैर पडला. दुपारी वेल्डिंग करता करता गुडघ्यावर बसला, उलटी झाली, मग बोलणंच बरळल्यासारखं झालं. आम्ही काचेचं दार ढकलून धावलो. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर कातडी तव्यासारखी लागत होती. आणि मॅनेजर काय म्हणाला ऐक. म्हणाला, अँब्युलन्स यायच्या आत याला उचलून गेटबाहेर न्या, आत पडला म्हणून दिसलं तर आपल्यावर येईल. कुणी हललं नाही. तेव्हा तो स्वतः उझैरचे पाय धरून ओढू लागला. मी त्याचा हात झटकला.

उझैर जगला. मूत्रपिंडं गेली. मशीनवर रक्त धुतात. जरा सावरला की त्याला घरी पाठवणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सप्लायची माणसं परत दुपारी उभी. इलेक्ट्रिशियन मी, शेडचा मेन स्विच माझ्या ताब्यात. मी तो पाडला. करारात लिहिलंय, ‘शेडमधलं वेल्डिंग बंद राहील’. कुणाचं, ते लिहिलेलं नाही. मॅनेजर ओरडला, चालू कर. मी त्याला तेवढंच वाक्य वाचून दाखवलं. आठवडाभर रोज पाडत होतो आणि सप्लायवाले आत येऊन आमच्याबरोबर बसत होते. काल मला नोकरीवरून काढल्याचं पत्र मिळालं. इंग्रजी धनूचं आहे, वाचताना ओळखलं.

काळजी करू नकोस. मी दावा घालतोय. आता मी एकटाच आहे ना, एकट्याचा दावा तर ऐकतात.

वेन्डी म्हणून वसईची एक बाई इथे एका वकिलाच्या ऑफिसात आहे, ती कागद बघते. फार चांगली आहे. लोभ राहू दे.
सोमनाथ


उम्म अल कुवैन,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. मला काढणं चूक ठरलं.

कंपनीकडून धनू उभा होता. कोट छान होता. तो तेच बोलला, की हा करार दुसऱ्यांना लागू करण्याचा अधिकार या कोर्टाला नाही. न्यायाधीशांनी दुभाष्याकरवी विचारलं की मग कोणाला आहे. धनूने कागद उलटले. परत उलटले. शेवटी म्हणाला की कंपनीला विचारून सांगतो. अक्का, लहानपणी गणित चुकलं की तो असाच पान उलटायचा. क्षणभर मला त्याची दया आली, मग उझैर आठवला.

न्यायाधीश म्हणाले की आम्ही करार कुणाला लागू करत नाही, फक्त वाचतो आहोत. शेडमधलं वेल्डिंग बंद म्हणजे शेडमधलं बंद. या माणसाने लिहिलं होतं तेच केलं.

आता सप्लायचा प्रत्येक जण एकेकटा कोर्टात जाईल, या भीतीने कंपनीने नोटीस लावली. पुढच्या उन्हाळ्यापासून दुपारी शेड सगळ्यांनाच बंद. मला मात्र परत घेणार नाहीत. मी घरी येतोय.

बाहेर धनू मागे आला. म्हणाला, दादा, पर्सनल काही नव्हतं, चल कॉफी घेऊ. त्याने खांद्यावर हात ठेवला. मी तो हात बाजूला केला. टॅक्सीत बसलो.

भेटीची ओढ लागली आहे.
सोमनाथ


देवरुख,
२० डिसेंबर २०२५

चि. धनंजय यास,
अ. उ. आ.

तुझं प्रमोशन झाल्याचं कळलं. खजूर-बदामांचा खोका पोचला. मी तो उघडला नाही. दर्शनाने उद्या परतीच्या पत्त्यावर पाठवायचा आहे.

सोमनाथ घरी आहे. रोज सकाळी विहिरींचे पंप दुरुस्त करतो, लोकांचे पंखे बघतो. उझैरच्या भावाचा त्याला फोन येतो. सोमनाथ मग अंगणात जाऊन हिंदीत बोलतो आणि बराच वेळ आत येत नाही.

तू विचारलंस, मे महिन्यात येऊ का, दादा बोलेल का. त्याला मी विचारलं. तो म्हणाला, आला तर मी माळ्यावर झोपेन. एवढंच.

माझं म्हणणं ऐक. मेमध्ये येऊ नकोस. जूनची वाट बघ. ऊन तापलं की एके दिवशी बाराला उम्म अल कुवैनला जा आणि त्या शेडच्या दाराशी उभा राहा. कोट घालूनच उभा राहा. माणसं काम थांबवून आत जातात ती बघ, एकेकाचं तोंड बघ. त्यातल्या कुणी तुला पाणी विचारलं तर पी.

मग ये. दार मी उघडेन. पण पुढे होऊन तुझी पिशवी घेणार नाही.

आशीर्वाद आहेतच, ते मला काढून घेता येत नाहीत.
अक्का